अवडंबर: शब्दाचा अर्थ आणि आपल्या गावातली लग्ने

विदर्भातल्या कोणत्याही खेड्यात एखादे मोठे लग्न पार पडले की दुसऱ्या दिवशी पारावर त्याच्याविषयी दोन प्रकारची वाक्ये ऐकू येतात. “लगन लय थाटात झालं बाप्पा,” असे एक जण म्हणतो, आणि त्याच लग्नाविषयी दुसरा म्हणतो, “नुसतं लोकायले दाखवासाठी केलं.” दोघेही त्याच मांडवात बसलेले असतात आणि त्याच पंगतीत जेवलेले असतात, तरी एकाच्या तोंडी गौरवाचा शब्द येतो आणि दुसऱ्याच्या तोंडी दोषाचा. हा दोष लिहिताना किंवा भाषणात सांगायचा झाला की आपण अवडंबर हा शब्द वापरतो. मात्र तो कशाला लावावा आणि कशाला लावू नये, याविषयी लिहिणाऱ्यांत आणि बोलणाऱ्यांत बराच गोंधळ आहे, आणि तो केवळ भाषेपुरता राहत नाही. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरच्या प्रत्येक मोठ्या खर्चाला सरसकट अवडंबर म्हटले, तर त्याच्या आनंदावर आणि त्याच्या रीतिरिवाजावर अन्याय होतो. उलट, कशालाच अवडंबर म्हणायचे नाही असे ठरवले, तर ज्या गोष्टीने घर कर्जात जाते तिला नावच उरत नाही. म्हणून या शब्दाचा अर्थ नीट समजून घेणे मला फार गरजेचे वाटते.

अवडंबर आणि आडंबर ही एकाच शब्दाची दोन रूपे असून दोन्ही मराठीत चालतात. संस्कृतातील आडंबर या शब्दाचा जुना अर्थ वाद्याशी जोडलेला आहे. आडंबर म्हणजे एक प्रकारचा ढोल किंवा नगारा. शुक्ल यजुर्वेदाच्या तिसाव्या अध्यायात नाना व्यवसायांच्या माणसांची जी लांबलचक यादी आहे, तिच्यात वीणा वाजवणाऱ्याच्या शेजारीच ‘आडंबराघात’, म्हणजे आडंबर वाजवणारा, येतो, आणि तो ‘शब्दा’च्या, म्हणजे नादाच्या, वाट्याला दिलेला आहे. पुढे अमरकोशाने आडंबर या शब्दाचे दोन अर्थ नोंदवले, ते म्हणजे तूर्य वाद्याचा आवाज आणि मोठ्या हत्तींची गर्जना. वाद्यापासून आवाज, आवाजापासून गाजावाजा आणि गाजावाज्यापासून पोकळ मोठेपणाचे प्रदर्शन, असा हा शब्द सरकत आपल्यापर्यंत आला आहे. आज आपण अवडंबर म्हणताना डोळ्यांना दिसणाऱ्या दिमाखाचा विचार करतो, पण शब्दाच्या मुळाशी कानावर आदळणारा नाद आहे.

हाच ‘डंबर’ एका प्रसिद्ध सुभाषितातही भेटतो. बोकडांची झुंज, ऋषींच्या घरचे श्राद्ध, पहाटेचे मेघडंबर आणि नवरा-बायकोचे भांडण या चार ठिकाणी आरंभ फार मोठा असतो आणि प्रत्यक्ष घडते ते फार थोडे, असे त्या श्लोकात म्हटले आहे. ‘बह्वारंभे लघुक्रिया’ हे त्याचे शेवटचे शब्द. मेघडंबर म्हणजे ढगांचा गडगडाट आणि दाटी. मृगात धूळपेरणी करून आकाशाकडे डोळे लावून बसलेल्या वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला सकाळी गडगडणारे आणि दुपारी विरून जाणारे ढग काय असतात, हे समजावून सांगावे लागत नाही. या श्लोकाने अवडंबराची व्याख्या जवळजवळ पूर्ण करून ठेवली आहे. गोष्ट लहान आणि तिचा गाजावाजा मोठा, ही त्या दोघांतली तफावत म्हणजे अवडंबर.

मराठीत हा शब्द कसा वापरला जातो ते पाहिले की हीच गोष्ट व्याकरणातूनही दिसते. अवडंबर हे नपुंसकलिंगी नाम असून ते बहुधा एकटे येत नाही. त्याच्या आधी ‘चे’ लावलेला शब्द येतो, जसे कर्मकांडाचे अवडंबर, सोवळ्याचे अवडंबर, शब्दांचे अवडंबर, सत्काराचे अवडंबर. म्हणजे अवडंबर नेहमी कशाचे तरी असते, आणि ज्याचे ते असते ती मूळ गोष्ट खरी आणि कदाचित चांगलीही असू शकते. सत्कार करणे वाईट नाही, स्वच्छता पाळणे वाईट नाही. तिच्याभोवती उठवलेला पसारा तिच्यापेक्षा मोठा झाला, की मग आपण हा शब्द उच्चारतो. त्याच्याबरोबर येणारे क्रियापद बहुतेक वेळा ‘माजवणे’ असते. रान माजते, बंडाळी माजते, गोंधळ माजतो, तसेच अवडंबर माजते, आणि ते कुणीतरी माजवलेले असते. हा शब्द माणसाला थेट विशेषण म्हणून लागत नाही, हेही लक्षात घ्यावे. ‘तो भपकेबाज आहे’ असे म्हणता येते, ‘तो अवडंबर आहे’ असे म्हणता येत नाही. दोष माणसाच्या स्वभावाला न लावता त्याने केलेल्या कृतीला लावण्याची सोय या शब्दात आहे, आणि ज्यांच्यासोबत जन्म काढायचा त्या सोयऱ्या-धायऱ्यांविषयी आणि गावकऱ्यांविषयी बोलताना ती सोय मोलाची ठरते.

याच अर्थाच्या आसपास मराठीत शब्दांचे मोठे कुटुंब आहे, आणि त्यातला प्रत्येक शब्द वेगळी छटा दाखवतो. थाट हा त्यातला सर्वांत सभ्य शब्द. संसार थाटणे, दुकान थाटणे या प्रयोगांत थाटणे म्हणजे नीट मांडणी करणे, उभारणी करणे, म्हणून थाट या शब्दात डौल असला तरी पोकळपणा नाही. भपका मात्र पोकळपणाच्या जवळ जातो. भपका आणि भपकारा हे जवळचे शब्द आहेत, आणि भपकारा जसा एकदम येतो आणि थोड्या वेळाने विरतो, तसा भपकाही क्षणापुरता डोळे दिपवतो. टेंभा म्हणजे मशाल, त्यामुळे टेंभा मिरवणे यात स्वतःच्याच मोठेपणावर उजेड पाडत चालण्याचा अर्थ आहे. स्तोम हा मूळचा वैदिक यज्ञातल्या स्तुतिगानाचा शब्द, पण आज स्तोम माजवणे म्हणजे एखाद्या गोष्टीला अवाजवी महत्त्व देणे. दंभ हा शब्द तर या सगळ्यांपेक्षा खोल आहे, कारण तो बाहेरच्या पसाऱ्याचा नसून मनातल्या खोटेपणाचा आहे. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना ‘अदंभित्व’ हे अगदी सुरुवातीलाच येते, आणि त्याचे विवरण करताना ज्ञानेश्वरांनी लोभी माणसाचा दाखला दिला आहे. लोभी माणूस जीव गेला तरी पुरलेल्या धनाची जागा सांगत नाही, तसा अदंभी माणूस स्वतःचे पुण्य तोंडाने बोलत नाही. दंभ नसतानाही अवडंबर होऊ शकते. नुसत्या भिडेपोटी, सोयऱ्यांच्या आग्रहापोटी किंवा चालत आलेली रीत मोडण्याच्या भीतीपोटी साधा सरळ माणूससुद्धा अवडंबरात ओढला जातो. आपल्या भागात तर बहुतेक वेळा असेच घडते, असे माझे मत आहे.

या कुटुंबातला आणखी एक शब्द विदर्भातल्या माणसाने विशेष जपून वापरावा असा आहे, तो म्हणजे बेगडी. बेगड हा रंगीत, चकचकीत धातूचा पातळ पत्रा. पोळ्याच्या दिवशी तो बैलांच्या शिंगांना लावतात. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद आणि लोणी लावून शेकले जातात, आणि “आज आवतन घ्या, उद्या जेवायला या” असे बैलांना हात जोडून सांगितले जाते. दुसऱ्या दिवशी झूल, घुंगरमाळा, मठाठी, नवी वेसण, शिंगांना बेगड, असा साज चढवून बैल तोरणाखाली उभे केले जातात आणि झडत्या, म्हणजे पोळ्याची पारंपरिक गीते, म्हटल्या जातात. वर्षभर नांगर, वखर आणि डवरा ओढणाऱ्या जनावराला एक दिवस दिलेला हा मान आहे. शहरातून आलेल्या माणसाला यात रंग, आवाज आणि गर्दी दिसेल, आणि कदाचित तो याला देखावा म्हणेल. पण पोळ्याला अवडंबर म्हणता येत नाही, कारण येथे सजावटीपेक्षा कृतज्ञता मोठी आहे आणि बेगड किती लहान गोष्ट आहे हे लावणाऱ्यालाही ठाऊक आहे. बेगड शिंगावर आहे तोवर ती शोभा आहे. तीच चमक सोने म्हणून खपवली गेली की ‘बेगडी’ हा दोषाचा शब्द तयार होतो. अलीकडे काही ठिकाणी पोळ्याच्या तोरणापेक्षा पुढाऱ्यांच्या छायाचित्रांचे फलक उंच होऊ लागले आहेत, बैलांपेक्षा पाहुण्यांच्या सत्काराला जास्त वेळ जाऊ लागला आहे. त्याला मात्र अवडंबर म्हणायला काहीच हरकत नाही.

यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी की आकार ही अवडंबराची कसोटी नव्हे. हे समजण्यासाठी विदर्भातच जन्मलेल्या गाडगेबाबांकडे पाहावे. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या या माणसाने आयुष्यभर अंगावर चिंध्या पांघरल्या आणि हातात झाडू धरला. संन्यस्त जीवन पत्करण्यापूर्वी, डेबूजी म्हणून संसारात असतानाच, त्यांनी मुलीच्या बारशाला दारू आणि मटणाचे जेवण देण्याची जातीतली रीत मोडून सोयऱ्यांना गोडाचे जेवण दिले होते. कर्ज काढून सण करू नका, देवाच्या नावाने जनावर मारू नका, मुलांना शाळेत घाला, हे त्यांच्या कीर्तनांचे सार होते, आणि ते सांगण्यापूर्वी ते स्वतः गावातले रस्ते झाडून काढीत. पण याच गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी यांसारख्या ठिकाणी मोठमोठ्या धर्मशाळा उभारल्या आणि अपंगांना व भुकेलेल्यांना मोठ्या प्रमाणावर अन्नदान केले. पंगत मोठी, इमारत मोठी, लोकांचा जमाव मोठा, तरी कोणालाही त्याला अवडंबर म्हणावेसे वाटले नाही. याचे कारण, धर्मशाळा मोठी होती ती वाटसरूंसाठी आणि पंगत मोठी होती ती भुकेलेल्यांसाठी. खर्चाचा आकार पाहण्यापेक्षा तो आकार कुणाच्या गरजेतून आला हे पाहावे, असा धडा मला त्यात दिसतो.

आता लग्नाकडे वळू, कारण ग्रामीण विदर्भात या शब्दाचा सर्वाधिक वापर लग्नासंबंधातच होतो. येथे सर्वांत आधी विधी आणि अवडंबर यांतला फरक करावा लागतो. विधी म्हणजे ज्याच्याशिवाय लग्न झाले असे म्हणता येणार नाही ती गोष्ट. हिंदू विवाह कायदा, १९५५ याच्या सातव्या कलमानुसार वर किंवा वधू यांच्यापैकी कोणत्याही एका पक्षाच्या रूढ विधींप्रमाणे विवाह होऊ शकतो, आणि ज्या विधींत सप्तपदी समाविष्ट आहे तेथे सातवे पाऊल टाकले की विवाह पूर्ण व बंधनकारक होतो. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात सांगितले की हिंदू विवाह हा संस्कार आहे, तो नाचगाण्याचा किंवा खाण्यापिण्याचा प्रसंग नव्हे. त्याच आदेशात न्यायालयाने हेही स्पष्ट केले की योग्य विधी झालेच नसतील तर केवळ नोंदणीच्या प्रमाणपत्राने असा विवाह सिद्ध होत नाही. आपल्या विषयासाठी ही दुसरी बाजू पहिलीइतकीच महत्त्वाची आहे, कारण अवडंबराला विरोध करता करता काही लोक विधीलाच विरोध करू लागतात. सात पावले ही लग्नाची गाभ्याची गोष्ट आहे, त्यांना अवडंबर म्हणणे चूक आहे. बौद्ध पद्धतीच्या लग्नात त्रिशरण-पंचशील असते, सत्यशोधक पद्धतीच्या लग्नात वधू-वरांची परस्परांना दिलेली वचने असतात. हे सगळे विधी आटोपशीर आहेत आणि त्यांतल्या कशालाही फार पैसा लागत नाही.

पैसा लागतो तो विधीच्या अवतीभोवती. साक्षगंधालाच, म्हणजे साखरपुड्यालाच, आता लग्नाइतका मांडव पडतो. पूर्वी घरच्या अंगणात होणारी हळद स्वतंत्र सोहळा झाली आहे आणि तिच्यासाठी सगळ्यांना पिवळे कपडे लागतात. दारापुढच्या मांडवाची जागा तालुक्याच्या मंगल कार्यालयाने किंवा लॉनने घेतली आहे. नवरदेवाची वरात निघते तेव्हा लग्नाची वेळ टळून गेलेली असते, आणि मंगलाष्टके सुरू होतात तेव्हा निम्मी वऱ्हाडी मंडळी जेवायला गेलेली असतात. अवडंबराची याहून स्पष्ट खूण मला माहीत नाही. ज्या क्षणासाठी हा सगळा पसारा मांडला, त्या क्षणी पाहायला कोणी नसते. २०२० च्या मे महिन्यात साथीमुळे लग्नाला पन्नासच माणसांची परवानगी होती, आणि एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात ती पंचवीस माणसे आणि दोन तास इतकी खाली आली. त्या काळात झालेली लग्ने कायद्याने आणि रीतीने इतर कोणत्याही लग्नाइतकीच पक्की आहेत. म्हणजे जे त्या दोन तासांत मावले तो गाभा होता. उरलेल्यातले काही आनंदाचे होते, काही आप्तभावाचे होते आणि काही अवडंबराचे होते. या तिन्हींची विभागणी प्रत्येक घराने स्वतः करायची असते.

मग माणसे असे का करतात, हा प्रश्न उरतो. अमेरिकेत स्थायिक झालेल्या नॉर्वेजियन शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या थॉर्स्टीन वेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली या प्रश्नाची सविस्तर मांडणी केली. त्याचे म्हणणे असे की माणूस पुष्कळदा वस्तूच्या उपयोगासाठी खर्च करत नाही, तर आपल्याला खर्च परवडतो हे इतरांना कळावे म्हणून करतो. अशा खर्चाला आपण दिखाऊ खर्च म्हणू. पाहणारे नसतील तर तो खर्च होणारच नाही, हे त्याचे लक्षण. वेब्लेनच्या डोळ्यांसमोर प्रामुख्याने श्रीमंत वर्ग होता, पण हीच गोष्ट गरिबांच्या लग्नात कशी चालते हे ग्रामीण कर्नाटकातल्या लग्नांच्या एका अभ्यासाने दाखवले. फ्रान्सिस ब्लॉक, विजयेंद्र राव आणि सोनाल्डे देसाई यांचा हा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यांना असे आढळले की मुलगी गावाबाहेरच्या अनोळखी घरी दिली जाते तेव्हा लग्नाच्या समारंभावर जास्त खर्च होतो. कारण नवे सोयरे कोण, कसे, त्यांची ऐपत काय, हे गावाला ठाऊक नसते, आणि आपण चांगले स्थळ मिळवले आहे हे गावाला कळवण्याचा मार्ग म्हणून मोठा समारंभ केला जातो. म्हणजे हा खर्च मूर्खपणाचा नसतो. त्यामागे हिशोब असतो, आणि त्या हिशोबातली मुख्य रक्कम म्हणजे गावातली पत.

आपल्याकडे हीच गोष्ट “लोकं काय म्हन्तीन?” या तीन शब्दांत सांगितली जाते. हा प्रश्न हलका मानू नये. खेड्यात पत ही खऱ्या उपयोगाची वस्तू आहे. ऐन हंगामात बैलजोडी किंवा ट्रॅक्टर उसना मिळणे, कृषी केंद्रातून बियाणे-खत उधारीवर मिळणे, धाकट्या मुलीला स्थळ येणे, अडल्या वेळी चार माणसे दारी उभी राहणे, हे सगळे पतीवर चालते. पत टिकवण्यासाठी केलेला खर्च पतीलाच गिळतो तेव्हा अडचण सुरू होते. एकाने वरातीत मोठा वाद्यमेळ आणला की पुढच्याला त्याहून मोठा आणावा लागतो, त्यामुळे सर्वांचा खर्च वाढतो आणि कोणाचीच पत पहिल्यापेक्षा उंच होत नाही, कारण सगळे एकाच वेळी उंच झालेले असतात. या शर्यतीत ज्याची जमीन कमी त्याची दमछाक आधी होते. ‘ऋण काढून सण’ ही म्हण याच माणसाविषयी आहे, आणि ती म्हणताना आवाजात टोमणा नसावा, काळजी असावी.

कारण शेतकऱ्याच्या कर्जाविषयी बोलताना लग्नाच्या खर्चाकडे बोट दाखवणे फार सोपे असते, आणि ही सवय जुनी आहे. १८७५ साली पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला, तेव्हा कारणांच्या चौकशीसाठी इंग्रज सरकारने आयोग नेमला. लग्नकार्यातल्या उधळपट्टीमुळे शेतकरी कर्जात बुडतो, असे तेव्हाही सर्रास बोलले जात होते. पण आयोगाने नोंदवले की या कारणाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले गेले आहे. लग्नाचा खर्च ऐपतीच्या मानाने जास्त असेल, पण असे प्रसंग क्वचित येतात, आणि अनेक वर्षांत विभागून पाहिले तर तो फारसा अवाजवी नसतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो दख्खनचा इतिहास आहे, वऱ्हाडाचा नव्हे, आणि काळही वेगळा आहे, पण इशारा आजही लागू पडतो. २००६ साली पंतप्रधानांनी ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदतीची योजना जाहीर केली, त्या अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशीम, यवतमाळ आणि वर्धा या जिल्ह्यांतल्या शेतकऱ्याची अडचण प्रामुख्याने कोरडवाहू शेती, बेभरवशाचा पाऊस, लागवडीचा वाढता खर्च आणि कापसाचा भाव यांतून आलेली आहे. तिच्यावर ‘लग्नाचे अवडंबर’ एवढे उत्तर देऊन मोकळे होणे हा शब्दाचा गैरवापर आहे. दुसऱ्याच्या घरच्या एकुलत्या एक आनंदाच्या दिवसाचा हिशोब मांडण्यापूर्वी, त्या घरी वर्षाचे बाकीचे दिवस कसे जातात हे आपल्याला माहीत असावे. हा शब्द स्वतःच्या घरच्या खर्चाला लावणे सर्वांत उपयोगाचे, दुसऱ्याच्या घराला लावताना मात्र खूप विचार हवा.

एका बाबतीत मात्र विचार करण्याची फारशी गरज नाही, आणि ती बाब शब्दाच्या मूळ अर्थाकडेच नेते. आडंबर म्हणजे ढोल, आणि आज वरातीच्या पुढे चालणारा डीजे हा त्या अर्थाने अक्षरशः आडंबर आहे. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही आवाजाची मर्यादा आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास मनाई आहे. डीजेच्या भिंतीपुढे या मर्यादांचे काय होते, हे त्या गल्लीत राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना, तान्ह्या लेकरांना आणि गोठ्यातल्या जनावरांना विचारावे. येथे खर्च करणारा स्वतःच्या पैशाने करतो, हा बचाव पुरत नाही, कारण त्याची किंमत शेजाऱ्याचे कान देतात. सनई, संदल, डफडे ही आपल्या भागातली वाद्येही आवाज करतात, पण ती माणसे वाजवतात, ती थकतात, थांबतात, आणि त्यांच्या हाताला त्या दिवसाचे काम मिळते.

तेरवीविषयी थोडक्यात लिहितो, कारण तेथे मुद्दा सरळ आहे. घरचा कर्ता गेल्यानंतर तेराव्या दिवशी आप्तांना जेवू घालणे ही दुःखात सोबत घेण्याची रीत आहे. ती शेकडो पानांच्या पंगतीत बदलते आणि त्यासाठी विधवा आईला सोने गहाण ठेवावे लागते, तेव्हा ते मृताचे स्मरण राहत नाही. गावाने एकत्र बसून तेरवीचे जेवण घरच्या माणसांपुरते ठेवावे, असे मला मनापासून वाटते.

भाषेतल्या अवडंबराकडेही लक्ष द्यायला हवे, कारण लिहिणाऱ्याला तेच सर्वांत जवळचे असते. शब्दावडंबर म्हणजे अर्थ थोडा आणि शब्द फार. ‘सन्माननीय, आदरणीय, लोकप्रिय, कार्यसम्राट’ अशी विशेषणांची माळ लावून सुरू झालेले भाषण मुद्द्यावर येईपर्यंत ऐकणारे उठून गेलेले असतात. लग्नपत्रिकेतही हेच दिसते. वधू-वरांची नावे मध्ये कोठेतरी असतात आणि निमंत्रक, व्यवस्थापक, विनीत, स्नेहांकित यांच्या याद्यांनी दोन्ही बाजू भरलेल्या असतात. तरी या यादीलाही एकच बाजू नाही. पत्रिकेत नाव न आल्याने दुखावलेला मामा किंवा चुलता आयुष्यभर तो सल बाळगतो, हे ज्या घराने पाहिले आहे, ते घर यादी लांबवते ती दिमाखासाठी नव्हे, माणसे जोडून ठेवण्यासाठी. अशा यादीला मी अवडंबर म्हणणार नाही. ज्या पुढाऱ्याची वधू-वरांशी ओळखही नाही त्याचे नाव ठळक अक्षरांत सर्वांत वर छापले जाते, त्याला म्हणेन.

शेवटी एका कठीण प्रयोगाकडे येतो. साधेपणाचेही अवडंबर होऊ शकते का? होऊ शकते, आणि होत आहे. सामूहिक विवाह ही आपल्या भागात रुजलेली फार चांगली गोष्ट आहे. तुकडोजी महाराजांनी गुरुकुंज मोझरीतून ग्रामसुधारणेचे काम चालवताना लग्नातल्या उधळपट्टीला विरोध केला होता, आणि शेतकरी कुटुंबांतल्या मुलींच्या सामूहिक विवाहांना शासनाच्या शुभमंगल योजनेतून अनुदानही मिळत आले आहे. अनेक घरांची लेक कर्जाशिवाय सासरी गेली, ती अशा मांडवातून. पण काही ठिकाणी याच मांडवात व्यासपीठ वधू-वरांच्या रांगेपेक्षा मोठे असते, एप्रिल-मेच्या उन्हात जोडपी बाशिंगे बांधून ताटकळत बसतात आणि पाहुणे उशिरा येऊन साधेपणाच्या महतीवर भाषणे करतात. मुहूर्त टळतो, पण सत्काराचे हार संपत नाहीत. वधूच्या बापाला गप्प बसावे लागते, कारण मांडव दुसऱ्याचा आहे. येथे खर्च वाचला हे खरे, पण आपल्या लेकीच्या लग्नाच्या दिवशी मान तिच्या बापाला मिळाला नाही, दात्याला मिळाला. अशा सोहळ्याविषयी लिहिताना ‘साधेपणाचे अवडंबर’ हाच शब्दप्रयोग योग्य आहे. आयोजकांना तो टाळायचा असेल तर उपाय सोपे आहेत. लग्न मुहूर्तावर लावावे, भाषणे लग्नानंतर ठेवावीत किंवा ठेवूच नयेत, फलकावर दात्यांच्या छायाचित्रांऐवजी जोडप्यांची नावे लिहावीत, आणि पहिल्या पंगतीला वधू-वरांचे आईबाप बसवावेत.